तिसरी हाक

बावीस हजार हा आकडा छकुलीनं जेवायच्या आधी सांगितला, ही पहिली चूक. जेवण झाल्यावर सांगितला असता तर अण्णा "बघू" म्हणून आडवे झाले असते आणि पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण छकुलीला कुठला दम! (छकुली म्हणजे अण्णांची एकुलती एक लेक. वय बावीस, उंची बापापेक्षा चार बोटं जास्त, नुकतीच इंजिनिअर झालेली. पण घरात छकुली ती छकुलीच.)

"बाबा, लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं! नकाशे काढायच्या विभागात घेतायत. बावीस हजार देतो म्हणतात. गुरुवारी अकराला बोलावलंय. पगाराबद्दल काही बोलायचं असेल तर तेव्हाच बोला, असं लिहिलंय."

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बावीस? अगं, पगार देतायत की भीक घालतायत? चार वर्षं डोळे फोडून शिकली माझी पोर, आणि बावीस? बावीस वर्षांच्या मुलीला बावीस हजार! म्हणजे वयाला हजार! उद्या साठीचा म्हातारा गेला तर त्याला साठ देणार आहेत का? या हिशेबानं मला चोपन्न..."

इथे अण्णा घाईघाईनं पाणी प्यायले. कारण अण्णांना किती मिळतात हा या घरातला एक नाजूक विषय होता. कुणी विचारलंच तर ते "पंचवीसच्या घरात" असं म्हणत आणि लगेच पंख्याकडे बघत.

"मग मी काय करू?" छकुलीनं विचारलं. "ही नोकरी मला हवीय हो बाबा. नऊ ठिकाणी अर्ज केले, एवढ्या एकाच ठिकाणाहून उत्तर आलंय."

"काय करू म्हणजे? भाव करायचा! बापाच्या आयुष्यभराच्या अनुभवाचं काय लोणचं घालायचंय?"

हा अनुभव काय होता ते सांगायलाच हवं. अण्णा पडदे आणि चादरींच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर उभे होते. दुकानात त्यांच्या डोक्यावर भली मोठी पाटी होती: 'एकच भाव. घासाघीस करू नये.' म्हणजे सव्वीस वर्षांत अण्णांनी एकदाही, एका उशीच्या खोळीचासुद्धा, भाव केलेला नव्हता. भाजी बायको आणायची, चपला बायको घ्यायची, रिक्षावालासुद्धा बायकोच ठरवायची. पण रस्त्याच्या पलीकडे जे दुकान होतं तिथे रोज रणधुमाळी चाले, आणि गिऱ्हाईक नसलं की अण्णा काउंटरवर कोपर टेकून ती बघत. दुसऱ्याचं पोहणं सव्वीस वर्षं बघितलं की माणसाला आपणच पट्टीचे पोहणारे आहोत असं वाटायला लागतं. अण्णांना तसं वाटत होतं.

"तीन नियम," अण्णा म्हणाले. "एक. समोरच्यानं आकडा सांगितला की हसायचं. दोन. मालात खोट काढायची. आणि तीन, हा सगळ्यात मोठा. उठून सरळ चालायला लागायचं. ते मागून हाक मारतात. मारतातच! पण पहिल्या हाकेला वळायचं नाही. पहिली हाक तोंडातून येते. दुसरी पोटातून येते. तिसरी गल्ल्यातून येते. तिसरीला वळायचं. तिसऱ्या हाकेला भाव तुझा."

"आणि हाकच नाही मारली तर?" स्वयंपाकघराच्या दारात बसून मटार सोलणाऱ्या बायकोनं विचारलं.

"हाक मारत नाहीत असं होतच नाही. तुला काय कळतंय त्यातलं? चल, करूनच दाखवतो. तू त्या कंपनीची मॅनेजर. मी छकुली."

बायकोनं मान वर न करता विचारलं, "बोला. बावीस देते. येताय?"

अण्णा हसले. (सरावाचं हसू होतं, पण बरं जमलं.)

"दात दाखवून झाले असतील तर बोला," बायको म्हणाली.

"तुमच्या ऑफिसला उजेड नाही. खुर्च्या मोडक्या आहेत. स्वयंपाकघराला रंग दिलेला नाही."

"तो द्यायचा तुम्ही गेल्या दिवाळीपासून म्हणताय. बावीस. घ्या, नाहीतर राहू द्या."

"ठीक आहे, मी चाललो," असं म्हणून अण्णा ताठ मानेनं उठले, चपला न घालताच दार उघडून जिन्यात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. अंगात बनियन, खाली घरातली चट्ट्यापट्ट्यांची विजार. पहिली हाक आता येईल, मग येईल, म्हणून ते कान टवकारून होते. मागून हाक आली नाही. कडी लागल्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरीणबाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी अण्णांना आपादमस्तक बघितलं आणि अतिशय समजूतदारपणे मान हलवून त्या पुढे गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं की पडदेवाल्यांकडे काहीतरी बिनसलंय.

"हाक का नाही मारलीस?" आत घेतल्यावर अण्णा कडाडले.

"मला माणूस नकोच होता," बायको म्हणाली. "मटार सोलून झाले होते. अहो, सरळ बसून विचारू दे ना पोरीला. तोंड आहे तिला. तुम्ही काय तिला शिकवताय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

पण अण्णा ऐकतील तर शपथ. बुधवारपर्यंत छकुलीकडून नियम पाठ करून घेतले. हसण्याचा सराव आरशासमोर झाला. आणि गुरुवारी सकाळी, पोर अंघोळीला गेलेली असताना, अण्णांनी दुकानाच्या एका कोऱ्या बिलाच्या मागे (पुढे दुकानाचं नाव आणि खाली ठळक छापलेलं 'एकच भाव') ते तिन्ही नियम मोत्यासारख्या अक्षरात लिहून तिच्या सर्टिफिकेटांच्या फाईलमध्ये सरकवले. ऐनवेळी विसरली तर असावेत म्हणून.

सरकवलेला कागद मात्र त्यांनी पुन्हा बाहेर ओढला. नऊ अर्ज आणि एकच उत्तर. तेही गेलं तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं म्हणजे... त्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढवली. ही ओळ त्यांनी पोरीला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

दुकानात अण्णांनी दाढ दुखतेय असं सांगून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि पावणेअकराला ते कंपनीसमोरच्या फुटपाथवर, एका केशकर्तनालयाच्या आडोशाला उभे राहिले. छकुली फाईल छातीशी धरून आत शिरताना त्यांना दिसली. दारावर कागद चिकटवलेला होता: 'लिफ्ट बंद आहे. जिन्याचा वापर करावा.' लिफ्टच्या कंपनीची लिफ्ट बंद! अण्णांना काय आनंद झाला म्हणता! खोट आयती मिळाली होती.

आता आत काय झालं ते अण्णांना मागाहून कळलं, पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू?

चौथ्या मजल्यावर मॅनेजरबाई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, समोर नकाशांची भेंडोळी. त्यांनी गोडीनं छकुलीला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आम्ही बावीस लिहिलंय. तुमचं काय म्हणणं?"

छकुली हसली. म्हणजे हसायला गेली. पण चार मजले चढून दम लागलेला, त्यात घशाला कोरड. 'हँ' असा काहीतरी आवाज आला आणि तिला जोराचा ठसका लागला. बाईंनी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. पहिला नियम पाण्याबरोबर गेला.

"तुमची... तुमची स्वतःचीच लिफ्ट बंद आहे," छकुलीनं डोळे पुसत दुसरा नियम काढला.

"हो ना! म्हणून तर इंजिनिअर शोधतोय," बाई म्हणाल्या.

आता याच्यावर काय बोलायचं हे अण्णांनी शिकवलेलं नव्हतं. छकुली सरळ तिसऱ्या नियमावर आली. "ठीक आहे, मी चालले," असं म्हणून ती उठली आणि चालायला लागली. बाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या टेबलावर एक पाण्याचा अर्धा ग्लास होता, आणि एक फाईल.

छकुली कंपनीच्या दारातून बाहेर पडली तशी अण्णांनी मूठ आवळली. शाब्बास! मान ताठ, चाल संथ. अगदी समोरच्या दुकानातलं कसलेलं गिऱ्हाईक. आणि इतक्यात, अहाहा, आतून हाक आली.

"अहो ताई!"

खाकी कपड्यातले एक म्हातारे शिपाई जिन्यावरून धडपडत बाहेर आले होते. अण्णांनी आडोशातून एक बोट वर केलं. छकुलीनं तिरक्या नजरेनं ते बघितलं आणि वेग वाढवला.

"अहो ताई, थांबा!"

अण्णांची दोन बोटं वर गेली. पोटातून आली, पोटातून! केशकर्तनालयातला न्हावी हातात वस्तरा धरून दारात आला आणि या गृहस्थांना बोटांचं काय झालंय ते बघायला लागला. छकुली चालतेय, शिपाई मागे धावतायत, काखेत काहीतरी धरलंय, आणि अण्णा तिसरं बोट तयार ठेवून उभे आहेत.

तिसरी हाक येईना.

शिपाई थांबले होते. त्यांनी तोंड उघडलं, हात हलवला, पण आवाज फुटेना. मग ते छातीवर हात ठेवून फुटपाथच्या कडेला पायरीवर चक्क बसलेच. तिकडे छकुली आपली चाललीच आहे. कोपरा आला. कोपऱ्यावरून वळली की संपलं!

अण्णांचा संताप संताप झाला. म्हणजे काय? दोन हाका मारायच्या आणि तिसरीला पायरीवर बसायचं? काही रीतभात आहे की नाही? ते तरातरा रस्ता ओलांडून गेले.

"अहो, बसताय काय? अजून एक मारा ना!"

"काय मारू?" शिपाई धापा टाकत म्हणाले.

"हाक! हाक हो! दोन मारल्यात, तिसरी मारायला काय झालं?"

"तुम्ही कोण?"

"मी? मी... माझी दाढ दुखतेय," अण्णा म्हणाले. (सकाळपासून तेवढंच पाठ होतं.)

"मग तुम्हीच मारा. माझ्यात दम नाही. चार मजले उतरून आलोय, लिफ्ट बंद आहे. त्या ताई फाईल विसरल्या. ही घ्या."

फाईल. अण्णांनी फाईलकडे बघितलं. मग कोपऱ्याकडे बघितलं. आणि मग, सव्वीस वर्षं ज्या दुकानात कुणाला कधी हाक मारली गेली नव्हती त्या दुकानाच्या माणसानं, भर रस्त्यात, बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"छकुलेऽऽऽ!"

तिसरी हाक आली तशी छकुली वळली. अगदी शिकवल्याप्रमाणे, सावकाश, हसऱ्या चेहऱ्यानं. बापाच्या हातातली फाईल बघून ते हसू जागच्या जागी मावळलं.

फाईल उघडली तर सर्टिफिकेटं होती आणि सगळ्यात वर ते बिल होतं. 'एकच भाव' याच्याभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केला होता. मागे अण्णांचे तीन नियम. त्याखाली ती बारीक अक्षरातली ओळ: 'अगदीच ऐकेनात, तर वीसलाही हो म्हणावे. हातची जाऊ देऊ नये.' आणि त्याखाली लाल अक्षरात: 'वीस मान्य. सोमवारी नऊला या.'

छकुलीनं ते दोनदा वाचलं.

"बाबा, बावीस होते ना हो?"

"हा... हा शुद्ध अन्याय आहे!" अण्णा ओरडले. "दुसऱ्याचे कागद वाचतात! चारचौघांत राहायची लायकी नाही यांची! फाईल उघडायची म्हणजे काय? आम्ही गिऱ्हाइकाची पिशवी कधी उघडत नाही!"

"बाबा, वीस कुणी लिहिलं?"

"अगं, मी आपलं... समजा, रागावले बिगावले... माणसानं कुठेतरी थांबावं..."

"बावीस देत होते. मागायला गेले आणि दोन कमी करून आले. जगात असा भाव कुणी केला नसेल." छकुलीचा आवाज भरून आला होता. ती रडेल असं अण्णांना वाटलं. पण ती रडली नाही. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं, काहीतरी समजल्यासारखी मान हलवली, आणि फाईल घेऊन आत निघून गेली. चौथ्या मजल्यावर. जिन्यानं.

अण्णा शिपायांच्या शेजारी पायरीवर बसले. आता सगळं बोंबललं होतं. पोरीची पहिली नोकरी, आणि बापानं ती दोन हजार उतरवून दिली, किंवा घालवलीच.

"बाई वाईट नाहीत," शिपाई म्हणाले. "गंमत करतात जरा. पण सरळ सांगितलं की ऐकून घेतात. मी दर दोन वर्षांनी सांगतो."

"काय सांगता?"

"वाढवा म्हणतो."

"मग?"

"मग वाढवतात. नाही वाढवले तर पुन्हा सांगतो. त्यात काय?"

अण्णांनी घुटमळत विचारलं, "साधारण... किती मिळतात तुम्हाला?"

"तेवीस," शिपाई म्हणाले. "तुम्हाला हो?"

अण्णांनी गालावर हात ठेवला. दाढ आता खरोखरच दुखायला लागली होती.

पाऊण तासानं छकुली खाली आली. चेहरा लाल, श्वास चढलेला.

"पंचवीस," ती म्हणाली.

"पंचवीस? किती वेळा उठलीस?"

"एकदाही नाही. बसूनच होते. सांगितलं, मला बोलायचं कसं ते कळलं नाही, माफ करा. मग माझे नकाशे दाखवले. तुमची लिफ्ट का बंद पडत असेल ते मला जे वाटलं ते सांगितलं. बाई बराच वेळ विचारत बसल्या. मग मी पंचवीस मागितले."

"आणि तो कागद?"

छकुली चपलेकडे बघत म्हणाली, "म्हटलं, त्यातला वीसचा आकडा माझा नाहीये. माझ्या बाबांना वीस मिळतात. त्यांनी सव्वीस वर्षांत कधी मागितले नाहीत, म्हणून तेवढेच राहिले. मी पहिल्या दिवशीच मागून घेते."

अण्णांना फुटपाथ दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "तुला... तुला कुणी सांगितलं वीस?"

"आईनं. ती तुमचे शर्ट खिसे बघून धुते. पगाराची चिठ्ठी कितीदा वाचवलीय तिनं पाण्यातून."

त्या दुपारी अण्णा दुकानात गेले ते पेटूनच गेले. सव्वीस वर्षांचा राग एका दाढेत गोळा झालेला. मालक गादीवर बसून पेपर वाचत होते. अण्णांच्या मनात आधी पहिला नियम आला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग त्यांनी तिन्ही नियमांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली, स्टूल ओढलं आणि मालकांसमोर बसले. दुकानात ते बसलेले मालकांनी पहिल्यांदाच बघितले.

"मालक, सव्वीस वर्षं झाली. माझा पगार वाढवा."

मालकांनी पेपर खाली केला. अण्णांकडे बघितलं, वर पाटीकडे बघितलं.

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? मला वाटलं, तुमचाही एकच भाव."

आणि दोन हजार वाढवले. तिथल्या तिथे! अण्णांना आनंदही झाला आणि असा काही संतापही आला की विचारू नका. एवढं सोपं होतं? एवढंच होतं? मग सव्वीस वर्षं काय पाटीखाली झक मारली? घरी जाताना त्यांनी रिक्षा ठरवली. भाव न करता, अर्थात.

घरात शिरून त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर छाती फुगवून मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून बावीस!"

स्वयंपाकघरातून बायको हसली. आकडा ऐकताच, अगदी पहिल्या नियमाप्रमाणे.

"बावीस? अहो, वाढवले की कापले? आम्हाला तर पंचवीसच्या घरात सांगत होतात. आणि बावीस म्हणजे पगार देतायत की भीक घालतायत?"

छकुली ओढणीत तोंड खुपसून हसत होती. अण्णा संतापानं लालबुंद झाले. कष्टाला किंमत नाही, धाडसाला किंमत नाही, आणि पोटची पोर दात काढतेय! "ठीक आहे, मी चाललो," असं म्हणून ते ताठ मानेनं उघड्या दारातून जिन्यात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. यावेळी मात्र हाक येणार याची त्यांना खात्री होती. कमावता माणूस होता, आजच भाव वाढला होता.

खालून पोस्टमास्तरीणबाई पिशवी घेऊन वर येत होत्या.

मागून कडी लागली.